पशुपतीच्या वाटेवरील परभाषा
काठमांडूस निघालेले आपले यात्रेकरू म्हणतात, 'तेथे हिंदी चालते. मग नेपाळी शिकावयाची कशाला?' चालते खरी. परंतु ती चालवून घेण्याचे कष्ट यजमानाने सोसावयाचे आणि पाहुण्याने केवळ आवाज चढवावयाचा, हा कोठला न्याय? नेपाळीची लिपी देवनागरीच. पशुपतिनाथाच्या वाटेवरील पाट्या आपणांस पहिल्याच दिवशी वाचता येतात. 'किती'स तेथे 'कति' म्हणतात, म्हणजे शुद्ध संस्कृतच! आदराने 'तपाईं', थोरल्या भावाच्या वयाच्या गृहस्थास 'दाइ', फूलवालीस 'दिदी', एवढ्याने प्रारंभ होतो. विष्णुसहस्रनाम मुखोद्गत असणाऱ्यांनी तरी 'या वयात पाठांतर होत नाही' ही सबब सांगू नये. आगगाडीच्या डब्यात पत्त्यांचे डाव मात्र अखंड चालतात!