नवारिनोच्या चित्रातले सागवान

20 ऑक्टोबर 1827. ग्रीसच्या नवारिनो उपसागरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या संयुक्त आरमाराने तुर्की-इजिप्शियन आरमाराचा धुव्वा उडवला. निव्वळ शिडांच्या जहाजांनी लढलेली ही शेवटची मोठी लढाई. फ्रान्सच्या गार्नरेने, इंग्लंडच्या रेनॅगलने आणि पुढे रशियाच्या ऐवाझोव्स्कीने ती रंगवली. धूर, ज्वाळा, शिडे, निशाणे, आणि सगळे श्रेय युरोपच्या तीन सत्तांचे.

या लढाईत संयुक्त आरमाराचा सेनापती ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टन ज्या 84 तोफांच्या ‘एशिया’वर होता, ते जहाज मात्र मुंबईचे. 1824 साली वाडिया घराण्याच्या कारागिरीतून ते गोदीबाहेर पडले. या गोदीत मुख्यतः मलबारचे सागवान येई. ओकच्या लाकडात लोखंडी खिळा गंजून सुटतो, सागातले तेल त्याला जपते. खानदेशातल्या धाब्याच्या घरांचे सागवानी खांब पिढ्यानपिढ्या का टिकले, हे आमच्या सुतारांना ठाऊकच आहे. नवारिनोला ‘एशिया’ची मागची डोलकाठी कोसळली, पण जहाज तगले. ते विकले गेले थेट 1908 साली.

याचा अभिमान वाटतो आणि वाटावाही. पण तेवढ्यावर थांबलो तर अर्धाच इतिहास हाती लागतो. याच गोदीत 1813 साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर ऑगस्ट 1842 मध्ये पराभूत चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेतला गेला. अफूच्या व्यापारापायी लादलेले ते युद्ध होते. आमच्या कारागिरांचे कसब दुसऱ्याच्या गळ्याला फास लावायला वापरले गेले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

त्याच 1842 साली, आज गुजरातेत असलेल्या डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी जहाजबांधणीच्या लाकडासाठी सागाची जंगले पट्ट्याने घेतली. डांगचा कारभार तेव्हा खानदेशातून चाले. 1818 साली खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, 1825 साली कंपनीचा अधिकारी औट्रमने भिल्ल पलटण उभारली, आणि पुढच्या दीड तपात जंगलही गेले. ज्या रानात डांगी माणूस मोहाची फुले वेचे, लाकूड तोडे, तिथे हळूहळू सरकारी परवानगी आली. साम्राज्याच्या आरमाराची गोष्ट म्हणूनच किनाऱ्यावर संपत नाही. ती सातपुडा-सह्याद्रीच्या रानापर्यंत येते, आणि जामनेरसारख्या, समुद्र नकाशातच पाहिलेल्या तालुक्यालाही ती परकी नाही.

डांगमधल्या आहव्याला दरवर्षी होळीच्या तोंडावर डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना सालियाना दिला जातो. बातमीत फेटे आणि मिरवणूक दिसते, पट्ट्यांचा उल्लेख क्वचित येतो. साक्रीपासून जामनेरपर्यंतच्या शाळांत 1857 शिकवताना 1842 चे हे पट्टेही शिकवले पाहिजेत. मुंबईच्या गोदीचा गौरव सांगताना लाकूड कुठून, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या हातून आले, हेही त्याच पानावर छापले पाहिजे.