चोर सोडून संन्याशाला फाशी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कामं होती हे खरंच, पण त्याहून खरं कारण म्हणजे कंटाळा. आज मात्र राग आलाय, आणि राग आला की आमचे हात आपोआप कीबोर्डकडे वळतात. :)

तर झालं असं. देवगडजवळ माझ्या मामाची हापूसची बाग आहे. सगळा माल दलालाच्या हाती जाऊ नये म्हणून काही वर्षांपूर्वी मीच त्याला एक छोटी वेबसाइट करून दिली. बागेचे चार फोटो, पेटीचा भाव, ऑर्डरचा फॉर्म. बस्स. यंदा एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, मामाचा फोन.

"अरे, गिऱ्हाईकं म्हणतायत साइट उघडतच नाही. लाल पाटी येते. ही साइट तुमची माहिती चोरू शकते, असं लिहिलंय म्हणे. मी कुणाचं काय चोरलं रे?"

पाटी एका नावाजलेल्या अँटिव्हायरसची होती. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. रात्री बसून मी साइटची एकेक फाइल तपासली. जुनी प्रत काढून तिच्याशी ताडून पाहिली. काही म्हणजे काही सापडलं नाही. मग जिथे साइट ठेवली आहे त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्याच सर्व्हरवर, त्याच आयपी पत्त्यावर आणखी शेकडो साइट्स आहेत आणि त्यातल्या एकीवर कुणीतरी बँकेचं खोटं पान टाकलं होतं. म्हणजे चाळीतल्या एका खोलीत चोर सापडला म्हणून बहुधा अख्ख्या चाळीच्या दारांवर 'चोर' लिहून टाकलं!

तक्रारीचा फॉर्म भरला. दोनदा भरला. अकराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: तपासणी केली, वर्गीकरण बदललं आहे. का अडवलं होतं? उत्तर नाही. माफी? छे! हापूसच्या हंगामात अकरा दिवस म्हणजे काय, ते पिकत चाललेल्या अढीशेजारी बसून मोजावे लागतात. त्यात ठाण्याच्या एका लग्नात कुणीतरी म्हणालंच, "त्याच्या साइटला व्हायरस आहे म्हणे, आंबे दुसरीकडून मागवा." ती पाटी एकदाची निघाली, ही कशी काढायची?

आता काही मित्र म्हणतील, यंत्रच ते, चुकणारच. मान्य. अँटिव्हायरस नकोच असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसाची साइटही हॅक होते, आणि तेव्हा वाचकाला सावध करायलाच हवं. पण चुकतात ते किती मोठे आणि कसे, तेही बघा.

३१ जानेवारी २००९, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील. गूगलच्या धोकादायक साइट्सच्या यादीत एका माणसाच्या चुकीने नुसती '/' ही तिरकी रेघ गेली. ती रेघ प्रत्येक पत्त्यात असते. त्यामुळे चाळीसेक मिनिटं गूगलच्या शोधात जवळजवळ सगळं इंटरनेटच धोकादायक ठरलं! एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट नावाची फाइल व्हायरस समजून उचलली आणि जगभरची कार्यालयं ठप्प झाली. एप्रिल २०१७ मध्ये वेबरूटला फेसबुक ही फसवी साइट वाटली.

हे सगळे काही तासांत, फार तर काही दिवसांत निस्तरले. का? तर बोंब मारणारे मोठे होते. मामाची बोंब देवगडच्या पलीकडे जात नाही.

दुसरं म्हणजे साधं गणित. समजा दहा हजार साइट्समध्ये दहा खरोखर वाईट आहेत. तपासणारा त्या दहाही पकडतो आणि चांगल्या साइट्सच्या बाबतीत शंभरात फक्त एकदा चुकतो. केवढा हुशार, नाही का? पण उरलेल्या ९,९९० मधल्या सुमारे शंभर साइट्सवर तो लाल पाटी लावणार. म्हणजे एकशे दहा पाट्यांपैकी शंभर खोट्या! आकडे मी धरलेले आहेत, पण वाईट साइट्स विरळ असल्या की गणिताचा कल हाच राहतो.

वर हे लोक एकमेकांच्या वहीत डोकावतात. २०१० साली कॅस्परस्कीनेच एक प्रयोग जाहीर केला. काही निरुपद्रवी फाइलींवर त्यांनी मुद्दाम खोटा शिक्का मारला आणि त्या सगळ्यांच्या नजरेस पडतील अशा ठेवल्या. दहा दिवसांत चौदापर्यंत इतर कंपन्यांनी तोच शिक्का मारला होता. आणि आपण समजतो, चौघं म्हणतायत म्हणजे खरंच असणार!

माझं खरं भांडण इथे आहे. आरोप करणाऱ्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही. व्हायरस सुटला तर कंपनीची बदनामी होते, निरपराध अडकला तर फक्त त्याचं नुकसान होतं. मग संशय आला की लाव पाटी, हे त्यांच्या सोयीचंच आहे.

आणि याचा शेवट कुठे होतो, ते ऐका. त्या अकरा दिवसांत मामा गिऱ्हाइकांना फोनवर सांगत होता, "अहो, काही नाही, तो अँटिव्हायरस जरा बंद करा आणि साइट उघडा." ऐकून मी चरकलो. उद्या एखादा भामटा फोन करेल तेव्हा तोही शब्दशः हेच सांगेल! 'लांडगा आला रे आला'मधला पोरगा निदान मजा म्हणून ओरडत होता, हे तर वर्गणी घेऊन ओरडतात.

मागणी फार नाही. संशय असेल तर 'संशय' लिहा, 'चोर' नको. कारण सांगा. तक्रार एका दिवसात माणसाने बघावी. आणि चूक तुमची असेल तर जितक्या लाल अक्षरांत आरोप केलात, तितक्याच मोठ्या अक्षरांत काही दिवस 'ही साइट निर्दोष आहे, चूक आमची होती' असं दाखवा.

मामाची साइट आता उघडते. उरलेल्या पेट्या शेवटी दलालालाच गेल्या, पडेल भावाने.

असो. लग्नातल्या त्या नातेवाइकांनी हे वाचलं, तर पुढच्या वर्षी निदान एक पेटी मामाकडून मागवा. आंब्यात व्हायरस निघाला तर पैसे माझ्याकडून परत. :)