पावसाला जात नाही, पाण्याला आहे!

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणला जेमतेम ५००. सह्याद्रीची पर्जन्यछाया आम्हाला मान्य आहे. पण १९०१ साली मसूर स्टेशनावरून बैलगाडीने खटाव तालुक्यात वडिलांकडे निघालेल्या बाल भीमरावांना वाटेत पाणी मिळाले नाही, ते काय पर्जन्यछायेमुळे? (वडील दुष्काळी कामावरच रोखपाल होते, तलाव खोदण्याच्या!)

आज टेंभू, ताकारी, म्हैसाळचे पाणी पंपाने चढते आणि सातबाऱ्यावर थांबते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीनच नाकारली, त्यांचे काय? २०१९ च्या महापुरात सांगलीला कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तिने सातबारा विचारला नव्हता. भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हिस्सा द्या. खंडाच्या शेतीला वापरतील, नाहीतर बागायतदाराला विकतील. तो त्यांचा प्रश्न.