मार्क चांगले आहेत, मग सायन्स का नाही?



गेल्या रविवारी सासूबाईंचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल होता. माझी लेक इथे नैरोबीत ग्रेड नाईनला आहे. तिने सांगून टाकलं, "आजी, मी सोशल सायन्सेस घेणार." पलीकडे एकदम शांतता. मग हळूच प्रश्न, "अगं, पण मार्क तर चांगले आहेत ना तुला?"

केनियन करिक्युलममध्ये मुलं असलेल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या हाच विषय चालू आहे, म्हणून ही मोठी पोस्ट.

आधी रचना बघा. १९८५ पासून इथे ८-४-४ होतं: आठ वर्षं प्रायमरी, चार सेकंडरी, चार युनिव्हर्सिटी. आठवीला केसीपीई ही एकच मोठी परीक्षा, आणि तिच्या मार्कांवर पुढची शाळा ठरायची. ती २०२३ मध्ये शेवटची झाली. आता २-६-३-३-३ आहे: दोन वर्षं प्री-प्रायमरी, सहा प्रायमरी, तीन ज्युनिअर, तीन सीनिअर आणि पुढे किमान तीन वर्षं कॉलेज. या पद्धतीची पहिली बॅच जानेवारी २०२६ मध्ये ग्रेड टेनला गेली.

सीनिअरला जाताना निकालाचं गणित असं: नववीच्या परीक्षेला ६० टक्के, सातवी-आठवीतल्या शालेय मूल्यमापनाला २० आणि सहावीच्या परीक्षेला २० टक्के वजन. सीए म्हणून मला हे पटतं. एका दिवसाचा बॅलन्स बघून कोणी खातं तपासत नाही, मागच्या नोंदीही धरतात.

आणि मग तीन वाटा: स्टेम, सोशल सायन्सेस, आर्ट्स अँड स्पोर्ट्स सायन्स. कागदावर तिन्ही शेजारी-शेजारी आहेत. उतरंड लावतो आपण! हुशार असेल तर स्टेम, बेताचा असेल तर सोशल, आणि तिसरीचं तर नावच नको. देश बदलला, पण आपली अकरावीची सायन्स-कॉमर्स-आर्ट्सची उतरंड बॅगेत घालूनच आलोय आपण.

दहावीला चांगले मार्क असून मी कॉमर्स घेतलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला काळजीने विचारलं होतं, "पोरीचं काही बिनसलं का?" गंमत म्हणजे ज्यावर आज माझं पोट भरतं, तो बिझनेस स्टडीज इथे सोशल सायन्सेसमध्येच येतो. म्हणजे मीसुद्धा इथल्या हिशोबाने "दुसऱ्या नंबरची"च!

माझं म्हणणं असं नाही की सगळं छान चाललंय. अनेक शाळांत शिक्षक आणि लॅब कमी आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी वाट निवडणं लवकर होतं, हेही खरं. म्हणूनच वाटेच्या नावावर भांडण्यापेक्षा शाळेत जाऊन हे विचारा:

१. कोणते तीन ऐच्छिक विषय एकत्र घेता येतील? माहितीपत्रकात असणं वेगळं आणि शिकवायला माणूस असणं वेगळं.

२. गणित कोणतं? स्टेमला कोअर मॅथेमॅटिक्स आहे, बाकीच्यांसाठी सोपं इसेन्शियल मॅथेमॅटिक्स. मुलाला इकॉनॉमिक्स किंवा अकाउंटिंग करायचं असेल, तर सोशल सायन्सेसमध्ये राहून कोअर घेता येईल का, हे आधीच विचारा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

३. भारतात परत जायचं असेल तर? पहिली बॅच २०२८ च्या शेवटी बारावी पूर्ण करेल, म्हणजे अजून कोणाचाच अनुभव गाठीशी नाही. इथलं वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपली कॉलेजं जून-जुलैच्या सुमाराला. ते मधले महिने धरून चला. परदेशी बोर्डाच्या समकक्षतेचे नियम आत्ताच वाचून ठेवा.

एवढं सगळं तपासून मुलाला स्टेम हवं असेल, तर आनंदाने घ्या. फक्त "लोक काय म्हणतील" या हेडखाली तीन वर्षं खर्ची टाकू नका.

सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, "आई, मार्क चांगले आहेत म्हणूनच तिला निवडता येतंय." त्या हसल्या. पटलं की नाही, माहीत नाही. तुमच्या घरी काय ठरतंय?