‘अलाऊ’ दाबलं, म्हणून काय झालं?

गेल्या रविवारी दौंडला घरी गेले होते. आईच्या हातची भाकरी आणि दुपारची मस्त झोप, एवढाच प्लॅन. तेवढ्यात शिरूरहून मावशीचा फोन. ‘‘अगं, आपल्या पोराचा फोटो आलाय माझ्या मोबाइलवर. खाली लिहिलंय, हा चोर आहे!’’

माझा मावसभाऊ रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे. पगार लांबला, बाइकचा हप्ता आला, म्हणून त्याने एका अ‍ॅपवरून ८ हजारांचं लोन घेतलं. जामीन नाही, हेलपाटे नाहीत, पाच मिनिटांत पैसे खात्यात. सॉलिड ना? फक्त अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि याने ‘अलाऊ’ दाबलं. परतफेड चार दिवस लांबली आणि मावशी, सुपरवायझर, इतकंच काय, ज्या मुलीशी लग्नाची बोलणी चालली आहेत तिचे वडील, सगळ्यांना मेसेज!

संध्याकाळी तो दौंडला आला. पोलिसांत चल म्हटलं, तर मान खाली. ‘‘कुठल्या तोंडाने जाऊ, ताई? परवानगी मीच दिलीय.’’

मग मी पुण्यातल्या वकील मैत्रिणीला फोन लावला. ग्राहकांची माहिती किती ठेवायची, ती कशी सांभाळायची, एआय चॅटबॉटला त्यातलं काय द्यायचं, याचा सल्ला ती कंपन्यांना देते. फी तासावर. मला अर्थातच फुकट!

ती म्हणाली, ‘‘एक परवानगी दिली म्हणजे सगळं दिलं, असं नसतं.’’ कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सना, कॉल लॉगला हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्येच सांगितलंय. २०२३च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात तर उदाहरणच आहे. डॉक्टरी सल्ल्याच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. हे संमतीचं कलम मात्र १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून.

‘‘पण चूक तर माझीच ना?’’ भाऊ स्पीकरवर पुटपुटला.

त्यावर तिने पुण्याचीच केस सांगितली. इथल्या एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांहून जास्त रक्कम गेली. तक्रारदाराने फसव्या मेलला उत्तर दिलं होतं. म्हणजे चूक होतीच. पण आयटी कायद्याखाली नुकसानभरपाईचे दावे राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात, ५ कोटींपर्यंतचे. तेव्हाचे सचिव राजेश अगरवाल यांनी २०१३मध्ये दोन्ही बाजूंच्या चुका मोजल्या आणि बँकेला ४५ लाख द्यायला सांगितले. तुमची चूक भरपाई कमी करू शकते. तुमचं तोंड बंद करत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली. नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची अब्रू गेली, त्याला त्यातून दमडीही नाही. कंपन्यांना सल्ला द्यायला वकील आहेत. शिरूरच्या पोराने कुणाला विचारायचं?

निदान एवढं तरी लक्षात ठेवा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० फिरवा. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि लोन घेण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर अ‍ॅप्सची यादी बघा. २०२५पासून ती तिथे आहे.

रात्री आम्ही दोघांनी मिळून तक्रार भरली. भाऊ लाजेने अर्धे मेसेज पुसून बसला होता; उरलेले जोडले. मग त्याने स्वतःहून त्या मुलीच्या वडिलांना फोन केला. काय झालं ते सांगितलं, तक्रारीचा नंबरही दिला. ते ‘बघू’ म्हणाले.

लग्नाचं काय होईल, माहीत नाही. पण दौंडहून परत निघताना त्याची मान वर होती.