'कधी दवाखान्याची पायरी चढली नाही' हे आजीचं कौतुक नव्हे

आमच्या गडहिंग्लज भागात कुणाच्या घरची म्हातारी आजी गेली, की रक्षाविसर्जनाच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढली नाही बघा!" सगळे माना डोलावतात. त्यात कौतुक असतं, अभिमान असतो. तुम्हीही हे वाक्य ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल.

माझी आजी गेली तेव्हा मीही ते ऐकलं होतं. मी तेव्हा डॉक्टरकीचं शिक्षण घेत होतो आणि मलाही अभिमानच वाटला होता. आज इतकी वर्षं रुग्ण तपासल्यावर ते वाक्य मला बोचतं. का, ते सांगतो.

आजी शेतकऱ्याच्या घरची. पहाटे उठून गोठ्यातलं शेण काढायचं, धार काढायची, चुलीवर भाकरी थापायच्या आणि मग शेतावर. भुईमुगाची भांगलण, मिरची तोडणं, उसाचा पाला काढणं यांत तिचा दिवस जायचा. येताना डोक्यावर वैरणीचा भारा. संध्याकाळी तुळशीपुढं दिवा आणि रात्री आम्हा नातवंडांना गोष्टी. घरात म्हशी होत्या, पण दूध डेअरीला जायचं. उरलेलं आम्हा पोरांना. आजीच्या वाट्याला चहात घालण्यापुरतं. सगळ्यांची जेवणं झाली की ती भांड्यात उरलेलं खायची, आणि त्याला कुणी त्याग वगैरे म्हणत नसे. तशीच रीत होती.

तिचे गुडघे दुखायचे. सुट्टीत घरी येताना मी तिच्यासाठी वेदनाशामक गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन यायचो. "माझ्या नातवाची गोळी" असं ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची. त्या ती रोज घ्यायची, बऱ्याचदा रिकाम्या पोटी. शेवटच्या वर्षी ती पांढरी पडली होती. माडीच्या दोन पायऱ्या चढल्या की बसायची. "वय झालं की आता," ती म्हणायची, आणि आम्हीही तेच म्हणायचो. ती गेल्यावर बऱ्याच दिवसांनी आई बोलता बोलता म्हणाली, की आजीला कित्येक महिने डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. तिनं ते फक्त आईला सांगितलं होतं, आणि पोराला सांगू नको, अभ्यास सोडून येईल, अशी ताकीदही दिली होती.

काळं शौचाला होणं, पांढरं पडणं, दम लागणं आणि रोजची वेदनाशामक गोळी या चार गोष्टी एकत्र ठेवल्या, की डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते ती जठरातल्या व्रणातून होणाऱ्या रक्तस्रावाची. तिची कधी तपासणीच झाली नाही, त्यामुळं खात्रीनं काही म्हणता येत नाही. पण ज्या गोळीचा तिला अभिमान होता, ती मीच आणून दिली होती, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. आजी दवाखान्याची पायरी चढली नाही याचा अर्थ ती आजारी नव्हती असा होत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

जुनं हाड, जुनं खाणं?

तुम्ही म्हणाल, "डॉक्टर, जुनी माणसं कणखरच होती. नाचणीची आंबील, देशी वाण, अंगमेहनत." यातलं बरंच खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेची पायरीही न चढलेल्या या शेतकरी आजीनं शेकडो देशी बियाणी जपली. फवारलेला भाजीपाला खाऊन नातू आजारी पडला असं त्यांना वाटलं, आणि तिथून आपण या कामाकडं वळलो, असं त्यांनी सांगितलं आहे. २०१८ साली बीबीसीनं जगातल्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नातवाच्या ताटात काय पडतंय याची आजीला किती काळजी असते, याचं याहून मोठं उदाहरण काय द्यावं?

पण दुसरी बाजूही बघा. नातवाच्या ताटाची काळजी करणाऱ्या आजीच्या स्वतःच्या ताटात काय असतं? अन्न चौरस होतं हे खरं, ते तिच्यापर्यंत पोचत होतं का हा प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आजच्या सुना आणि लेकींची ही अवस्था आहे. याच बायका उद्याच्या आज्या होणार आहेत. अंगातलं रक्त तरुणपणापासून कमी असेल, तर म्हातारपणी ते आपोआप भरून कसं येईल?

शिवाय जी आजी नव्वदीपर्यंत जगली ती आपल्याला दिसते, तिचं उदाहरण आपण देतो. पन्नाशीत, साठीत गेलेल्या तिच्या जावा-नणंदा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

"वय झालं" म्हणून आपण काय काय सोडून देतो

माझ्या खोलीत असं चित्र नेहमी दिसतं. आजी नातवाला घेऊन येते. त्याला काल रात्री ताप आला, आज सकाळी ती हजर. नातवाला तपासताना माझं लक्ष तिच्या पांढऱ्या ओठांकडं जातं. "आज्जी, तुमचं बीपी बघू का?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मला काय धाड भरलीया! पोराला बघा आधी."

शेतकरी घरातल्या आजीच्या बाबतीत पुढच्या तक्रारी "वयाच्या" म्हणून सोडू नका.

दम लागणं आणि जुना खोकला. आयुष्यभर चूल फुंकणाऱ्या बाईनं एकही विडी ओढलेली नसली तरी तिची फुफ्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी होऊ शकतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हेच मांडलं होतं. जगाचा विचार केला तर लाकूड, शेणी, काटक्या यांचा धूर हे सीओपीडीचं तंबाखूइतकंच, कदाचित त्याहून मोठं कारण असू शकतं. फुंकून करायच्या एका साध्या तपासणीत हा आजार कळतो आणि ओढायच्या औषधानं आराम पडतो. घरात गॅस आला असला तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं का, तेही बघा.

पांढरं पडणं, थकवा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच. वय झालं म्हणून ८ किंवा ९ चालतं, असं कुठल्याही पुस्तकात नाही. उतारवयात रक्त कमी झालं तर ते कुठून जातंय हे शोधावं लागतं, नुसती लोहाची गोळी देऊन भागत नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

गुडघेदुखी. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेणं म्हणजे जठर आणि मूत्रपिंड दोन्ही पणाला लावणं. ती किती दिवस, कुठली आणि कशासोबत घ्यायची हे डॉक्टरांना ठरवू द्या. काळं शौचाला झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट होतं, पण तो निर्णय घरी घेऊ नका.

पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं. पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासणी हवीच. तो गर्भाशयाच्या किंवा त्याच्या मुखाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. तसंच अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर लगेच भारे उचलणाऱ्या कितीतरी बायका हा त्रास वीस-वीस वर्षं लुगड्याआड लपवतात. त्याला उपाय आहेत. ऑपरेशन झेपणार नसेल तर आत बसवायची रिंगही मिळते.

मिसरी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर तोंड तपासून घ्या. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, दातांचं औषध नव्हे.

आणि रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. १४०/९० च्या वर सतत राहिला तर औषध लागतं, आणि ते न घेतल्याची किंमत एक दिवस अर्धांगवायूच्या रूपात मोजावी लागते.

मग करायचं काय?

आजीला "तुला काय होतंय का?" असं विचारू नका. उत्तर "काय नाही" असंच येणार. नेमकं विचारा. पायऱ्या चढताना थांबावं लागतं का? रात्री कितीदा उठतेस? शौचाला कसं होतं? अंगावरून जातं का? यातले काही प्रश्न नातवाला विचारता येत नाहीत, ते सुनेनं किंवा लेकीनं विचारावेत. आजी गोळ्या कुठल्या खाते, त्या पिशवीसकट घेऊन या.

वर्षातून एकदा तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, डोळे आणि तोंड बघून घ्या. आरोग्य केंद्रात आणि आपल्या उपजिल्हा रुग्णालयात यासाठी फार खर्च येत नाही. वयाची ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांची सोय आहे. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. म्हणजे पैशाचं कारण पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. अडतं ते बहुतेक वेळा सोबत येणाऱ्या माणसापाशी. आजी एकटी येणार नाही, आणि तिच्यासाठी एका दिवसाचा रोजगार बुडवायला घरातलं कुणी तयार नसतं. तो एक दिवस काढा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. रात्री आजीला तुमच्यासोबत जेवायला बसवा. ती नको म्हणेल, "तुम्ही जेवा, मी मागनं बसते" म्हणेल. ऐकू नका. तिच्या ताटात अंडं, डाळ, पालेभाजी आणि वाटीभर दूध पडलं का ते स्वतः बघा. डेअरीला एक पेला दूध कमी गेलं तर बिलात फार फरक पडत नाही.

आजीच्या फोटोला हार घालणारे आम्ही सगळे तिच्यावर प्रेमच करत होतो. पण तिच्या नाडीवर बोट ठेवायला, तिची पापणी खाली ओढून बघायला मला, डॉक्टर होऊ घातलेल्या नातवाला, सुचलं नाही. तुमची आजी अजून घरात असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि तिच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. फिकट दिसला तर उद्याच तिला घेऊन या. ती कुरकुर करेल. करू दे.