मैत्रिणींनो, कीव आवरा!

राजुऱ्यात शिकणाऱ्या मुलींनो,

तुमच्याशी बोलताना दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. ‘आम्ही काही फेमिनिस्ट-बिमिनिस्ट नाही.’ आणि लगेच पुढे, ‘आमचं बरंय, त्या मुसलमान बायकांचेच फार हाल.’

स्त्रीवाद म्हणजे पुण्या-मुंबईकडचं फॅड, असं वाटतं ना? मग ऐका. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. देसाईगंज तेव्हा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणे! १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, ठिकठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. कोठडीत अत्याचार झालेली बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर कोर्टाने ते धरून चालायचं, हे तेव्हापासून. ज्या बायकांना तुम्ही नाकं मुरडता, त्यांची ही कमाई.

आता ‘त्यांचे हाल’. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम बायकांना सिनेमाबंदी झाली, तेव्हा रझिया पटेल ही तरुण मुलगी त्या बंदीविरुद्ध उभी राहिली. २०१६ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क हायकोर्टातून मिळवला. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला तोही त्याच वर्षी! तोवर तिथे अडवलं जात होतं ते कोणाला?

बुरख्याची वकिली आम्हाला करायची नाही. पण मे महिन्यात राजुऱ्याच्या बसस्टँडवर जरा बघा. स्कार्फ असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसावेत. उन्हासाठी, कोळशाच्या धुळीसाठी, आणि खरं बोलायचं तर गावातल्या कोणी ओळखून घरी सांगू नये म्हणूनही. शेजारी बुरख्यातली मुलगी त्याच एसटीची वाट बघते. तुम्ही तिला ‘बिचारी’ म्हणून मोकळ्या होता, म्हणजे आपल्या स्कार्फचं कारण कोणी विचारत नाही.

तिच्याशी बोला. तिच्या घरात काय वाद चालतो ते विचारा. तीही विचारेल: तुझा मोबाइल कोण तपासतं? शेतीच्या सातबाऱ्यावर तुझं नाव लागणार का? दुसऱ्या जातीतला मुलगा घरी आणलास तर बाप काय करेल?

उत्तरं तयार ठेवा.

— राजुऱ्यातल्या काही बायका